पहिल्या वर्षाची भेट

लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला काय न्यायचं, हा प्रश्न आता आपल्या बचत गटांच्या बैठकीत सारखा निघतो. केक, फुगे, चौकातला बॅनर, आणि त्यासाठी गटातून कर्जाची मागणी. आपल्या आज्यांपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. कित्येकींना स्वतःचाच वाढदिवस माहीत नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती १ जून हीच त्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख. मग त्या काळी लेकराला काय देत होते, आणि का, ते आज आम्ही सांगतो.

आधी नावाची गोष्ट. एकदोन लेकरं गेल्यावर जे बाळ व्हायचं, त्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू, भिका असं ठेवत. तुमच्याही नात्यात असा एखादा आजा असेल. दगडाला, कचऱ्याला कोण नेणार, ही त्यामागची समजूत. म्हणजे नाव हीच पहिली भेट, आणि तीही राखणीची. बारशाला बाया आणत तेही तसंच. कमरेला काळा करगोटा, मनगटात काळे मणी, पायात वाळे, डोक्याला कुंची, आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड अंगाला टोचत नाही आणि ऊब धरतं. आम्हाला तर सगळ्यात शहाणी भेट हीच वाटते. काळ्या मण्यानं नजर टळते का, यावर आपण वाद नको घालू. पण तो मणी बांधणाऱ्या आईची भीती खोटी नव्हती.

ती किती खरी होती, ते बघा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. पुढे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं इथल्या गावांमधले जन्म आणि मृत्यू मोजले. १९८८ साली जन्मलेल्या हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे आठांत एक. अशा गावात वर्षभर आधी वाढदिवसाचा बेत कोण करणार?

न्यूमोनिया हे त्यातलं मोठं कारण होतं. खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला किती चालतो, ते मोजलं की आजार ओळखता येतो. पण लिहिणं-वाचणं न शिकलेल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजणं जड जाई. म्हणून सर्चनं एक साधं साधन केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि ओळीत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा आणि गावातच औषध सुरू करायचं. या कामाची माहिती १९९० साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. जिथं हे उपचार झाले, तिथं न्यूमोनियानं जाणाऱ्या लेकरांचं प्रमाण दुसऱ्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होतं. मनगटातल्या काळ्या मण्यांनंतर हे दुसरे मणी आले, आणि तेही गावातल्या बायांच्याच हाती.

१९९५ पासून गावातल्या शिकलेल्या बाया आरोग्यदूत होऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. २००३ पर्यंत त्या भागातला १२१ चा आकडा ३० वर आला. म्हणून कोणी म्हणतं, ‘हे वाढदिवसाचं खूळ शहरातून आलं,’ तर आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. लेकरू टिकेल असा भरवसा आला, तेव्हाच वाढदिवस आला.

भेट राखणीची नसून खेळायची असू शकते, हेही मग हळूहळू रुजलं. लाकडी खेळणी आपल्याकडे नवी नाहीत. तान्ह्या पोळ्याला चाकाचा लाकडी बैल ओढत नेणारी पोरं आपण दरवर्षी बघतो. सुतार करून देई तो पांगुळगाडाही तसाच. त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा पुढं ढकलतं. बाजारात मिळतो तो गोल प्लास्टिकचा वॉकर मात्र वेगळा. त्यात बसलेलं लेकरू क्षणात पायरीपर्यंत नाहीतर चुलीपर्यंत पोचतं. कॅनडा देशानं २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. खेळणं विकत घ्यायचंच असेल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तोंडात मावेल असं काही नको, बटणासारख्या बॅटरीचं तर मुळीच नको. आणि हो, मनगटातल्या काळ्या मण्यांचा दोराही तपासा. तुटला तर मणी थेट तोंडात जातो.

आता कर्जाचं. महिना दोन टक्क्यांनी तीन हजार घेतले तर महिन्याला ६० रुपये नुसतं व्याज. तरी आम्हाला पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. पोराच्या वाढदिवसाला बॅनर लागतो आणि पोरीच्या वाढदिवसाला पाच बायांचा चहा होतो. पहिल्या वर्षी श्वास मोजताना सुईणीनं पोरगा की पोरगी असं बघून मणी सरकवला नव्हता. गटात वाढदिवसाचं कर्ज मागायला बाई आली, तर आधीच्या पोरीला काय केलं होतं, हे विचारायला अध्यक्षबाईंनी लाजू नये.

बाराव्या महिन्यात आशाताई वजन-उंची बघायला घरी येतात, तेव्हा जन्मदाखलाही काढून ठेवा. बऱ्याच दाखल्यांत लेकराच्या नावाची जागा कोरीच असते. जन्म नोंदवल्यापासून बारा महिन्यांच्या आत तिथं नाव फुकट लिहून मिळतं, नंतर उशिराचं शुल्क पडतं. मावशी, आत्या, मामी, ज्या कोणी वाढदिवसाला जाणार असाल, त्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन तेवढं काम करून यावं. आणि जन्मतारीख खरी आहे ना, तेही तिथंच वाचून घ्यावं.