निवडुंगाच्या माळावरील उद्योगनगरी

भारताच्या टपाल खात्यानें १९८९ सालीं एका मराठी कारखानदाराच्या स्मरणार्थ तिकीट काढलें. राजे, सेनापति, कवि आणि देशभक्त यांच्या पंक्तींत नांगर ओतणाऱ्या गृहस्थाला असें स्थान मिळावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धनिकांचें औदार्य आपण सामान्यतः देणगीच्या आंकड्यांवरून मोजतों. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनीं समाजाला जें दिलें, तें या मापानें मोजतां येत नाहीं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षां चित्रें आणि यांत्रिक वस्तु यांकडे त्यांची ओढ अधिक. १८८५ सालीं ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाहीं, असें लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें. चित्रकार होण्याची आशा तेथेंच संपली. रेखा मात्र त्यांच्या हातीं उरली होती. त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या संपादन केली आणि व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक विद्यालयांत शिक्षकाची जागा मिळविली. पुढें बढतीची वेळ आली, तेव्हां ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. हा अन्याय मुकाट्यानें गिळून पगार घेत राहणें त्यांना मानवलें नाहीं. त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवची वाट धरली.

बेळगांवांत वडील बंधु रामुअण्णा यांच्यासह त्यांनीं १८८८ सालींच सायकलींचें दुकान काढलेलें होतें. आतां तेथें कडबा कापण्याचें यंत्र तयार होऊं लागलें आणि मागोमाग लोखंडी नांगर आला. हा नांगर खोल जाई, माती उलथी पाडी आणि हरळीच्या मुळ्या उपटून काढी. तथापि गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वाडवडिलांच्या लांकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असे, हा युक्तिवाद सोपा खरा. पण ज्याचें वर्षाचें पोट एका पिकावर अवलंबून आहे, तो युक्तिवादावर जमीन पणाला लावीत नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत पीक डोळ्यांनीं पाहिल्यावरच त्याची खात्री पटते. ती पटेपर्यंत नांगर दुकानांत पडून राहिले आणि कारखानदाराच्या धीराची परीक्षा झाली.

धंदा मार्गी लागतो न लागतो, तोंच शहराच्या वाढीसाठीं कारखान्याची जागा खालीं करण्याचा प्रसंग आला. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं हात दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे मर्मज्ञ. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज देऊं केलें. जमीन म्हणजे निवडुंगानें भरलेला, सापांचा वावर असलेला उजाड माळ. १९१० सालीं थोडे कामगार आणि त्यांचीं कुटुंबें घेऊन लक्ष्मणराव तेथें राहावयास गेले. माळ साफ झाला, कारखाना उठला, घरें, रस्ते, पाणी आणि शाळा यांची सोय झाली, आणि स्टेशनालाही पुढें किर्लोस्करवाडी हें नांव मिळालें.

पहिल्या महायुद्धांत परदेशी लोखंड व कोळसा यांची आवक तुटली. ओतकामाला कच्चा माल नाहीं, तर भट्टी थंड पडणार आणि वसाहत उठणार, हें उघड होतें. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठीं दिल्या. गडकोटांच्या रक्षणासाठीं ओतलेली धातु शेतकऱ्याच्या औताला लागली. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं कारखान्याच्या बातम्यांसाठीं निघालेलें पत्र पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखालीं पुढें 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रांतील घरोघर पोंचलें.

परंतु या पुरुषाची खरी थोरवी यंत्रांच्या यादींत नाहीं. ज्या काळीं सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्यांना मज्जाव होता, त्या काळीं किर्लोस्करवाडींत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनीं कामावर घेतलें, इतकेंच नव्हे, तर रात्रीच्या पहाऱ्याचें कामही अशांच्या हातीं सोंपविलें. ज्याला जगानें चोर ठरविलें, त्याच्या हातीं राखणीचें काम देणें, यांत दयेपेक्षां विश्वास अधिक आहे. दया घेणाऱ्याला लहान करते. विश्वास त्याला जबाबदार करतो.

या वसाहतीवर शेवटचा मोठा आघात १९४८ सालीं आला. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत कारखान्याला आग लावण्यांत आली. लक्ष्मणराव तेव्हां ७८ वर्षांचे होते. पिढीच्या श्रमानें उभें केलेलें काम जळतांना पाहणें, ही कोणत्याही वृद्धाला मोडून टाकणारी गोष्ट होय. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणरावांनीं देह ठेवला, तेव्हां त्यांच्या वंशजांचे उद्योग पुणें, हरिहर आणि बंगलोर येथवर पसरले होते.

देणगीनें अन्नछत्र चालतें आणि त्याची गरजही आहे. पण देणारा हात थांबला, कीं अन्नछत्र थांबतें. लक्ष्मणरावांनीं माणसाला हुन्नर, घर आणि शेजाऱ्याइतकाच मान दिला, आणि या तीन गोष्टी घेणाऱ्याच्या स्वतःच्या होऊन राहतात. ज्या माळावर निवडुंगाशिवाय कांहीं उगवत नव्हतें, तेथें अनेक कुटुंबांचा संसार उभा राहिला. हें एका माणसानें कोणाचीही कृपा न मागतां, मिळालेल्या मदतीचें चीज करून साधलें, म्हणूनच तिकिटावरील त्या मुद्रेकडे तरुणांनीं क्षणभर थांबून पाहावें.