प्लावकता नियंत्रक

प्लावकता नियंत्रक (प्रचलित नाव : बीसीडी किंवा बीसी) हे स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या पाणबुड्याने अंगावर घालावयाचे, हवा भरता व सोडता येणारे उपकरण आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणे, खाली उतरणे आणि इच्छित खोलीवर वर-खाली न होता स्थिर राहणे या तीन गोष्टी त्याच्या साहाय्याने साधता येतात. हवेचे सिलिंडर पाठीवर धरून ठेवण्याचे कामही तेच करते. दिसण्यात साम्य असले तरी ते जीवरक्षक जॅकेट नव्हे. बेशुद्ध व्यक्तीचा चेहरा पाण्याबाहेर राहीलच, याची हमी ते देत नाही.

इतिहास

सुरुवातीच्या काळातील पाणबुडे केवळ शिशाची वजने व श्वासावरील ताबा यांवर अवलंबून असत. इ.स. १९६१ मध्ये फ्रान्समधील मॉरिस फेंझी यांनी गळ्यात अडकवून छातीवर बांधावयाची फुगवता येणारी पिशवी तयार केली. इ.स. १९७१ मध्ये स्कूबाप्रो या कंपनीने बाह्या नसलेल्या जाकिटासारखा नियंत्रक बाजारात आणला. आजचे जॅकेट प्रकारचे बीसीडी त्याच धाटणीचे आहेत.

रचना

हवापिशवी, पट्टे, सिलिंडर बांधण्याचा पट्टा, इन्फ्लेटर आणि हवा सोडण्याच्या झडपा हे बीसीडीचे मुख्य भाग होत. सिलिंडरमधील हवा कमी दाबाच्या नळीतून इन्फ्लेटरकडे येते व बटण दाबल्यावर पिशवीत शिरते. नळी निकामी झाल्यास तोंडाने हवा भरण्याची सोय असते. पिशवी प्रमाणाबाहेर फुगून फाटू नये म्हणून जादा दाबाची हवा आपोआप बाहेर सोडणारी झडप बसवलेली असते.

कार्यतत्त्व

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यातील वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने कार्य करते. पिशवीत हवा भरली की आकारमान वाढते, वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे हे बल वाढते. वजन आणि वरचे बल समान झाले की पाणबुडा उदासीन प्लावकतेच्या अवस्थेत असतो.

ही अवस्था टिकवणे अवघड असते, याचे कारण बॉईलच्या नियमात आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ बारने वाढतो. पृष्ठभागावरील १० लिटर हवा १० मीटरवर ५ लिटर होते. वर येताना ती पुन्हा दुप्पट होते. म्हणून वर येताना पिशवीतील हवा सतत सोडत राहावे लागते. तसे न केल्यास वेग वाढत जाऊन पाणबुडा अनियंत्रितपणे पृष्ठभागावर फेकला जातो. अशा वेळी श्वास रोखून धरला गेला, तर प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसांना प्राणघातक इजा होऊ शकते.

प्रकार

जॅकेट : हवापिशवी पाठीवर व दोन्ही बगलांत असते. पृष्ठभागावर सरळ उभे राहणे सोपे जाते. प्रशिक्षण केंद्रांत व भाड्याने बहुधा हाच प्रकार मिळतो.

पाठपिशवी : पिशवी फक्त पाठीमागे असते. छाती मोकळी राहते व पाण्याखाली आडवे पोहणे सुकर होते. पृष्ठभागावर मात्र जास्त हवा भरल्यास चेहरा पुढे ढकलला जातो.

पाठपट्टी व विंग : धातूची पट्टी, अखंड पट्टा व वेगळी हवापिशवी यांची ही सुटी रचना असते. पट्टा अंगाप्रमाणे बेतता येतो व भाग बदलता येतात. पोलादी पट्टी स्वतःच वजनाचे काम करते; प्रवासासाठी हलकी ॲल्युमिनियमची पट्टी वापरतात.

साइडमाउंट : सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना बांधले जातात. यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.

उचल क्षमतेची निवड

बीसीडीची उचल क्षमता जितकी अधिक तितके ते सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे सरकते, पाण्याचा अवरोध वाढतो आणि चुकून पूर्ण फुगल्यास वर जाण्याचा वेगही अधिक असतो. गरजेचा अंदाज सोप्या हिशोबाने करता येतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते व तिचे वजन ३ किलोग्रॅमच्या आसपास भरते. ही हवा संपत जाते तसा पाणबुडा हलका होतो. म्हणून सुरुवातीस त्याला तेवढे जड असावे लागते. पातळ वेटसूट खोलीवर दबून त्याची २ किलोग्रॅम प्लावकता कमी झाली असे धरले, तर भरून काढावयाची उणीव सुमारे ५ किलोग्रॅम होते. त्यामुळे उष्ण प्रदेशातील एका सिलिंडरच्या डायव्हिंगसाठी १० ते १४ किलोग्रॅम उचल सहसा पुरते. अंगावरून काढलेले संपूर्ण साहित्य पृष्ठभागावर तरंगत ठेवण्याइतकी क्षमता मात्र असलीच पाहिजे.

हा हिशोब वजने योग्य असतील तरच लागू पडतो. सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार हवा उरली असताना व बीसीडी रिकामे असताना ५ मीटरवर स्थिर राहता आले, तर वजन योग्य मानतात. ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे होत आले की तरंगू लागते, हेही ध्यानात घ्यावे लागते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के घन असते. त्यामुळे साहित्यासह १०० किलोग्रॅम भरणाऱ्या व्यक्तीला तरण तलावापेक्षा समुद्रात सुमारे अडीच किलोग्रॅम अधिक वजन लागते.

मापाचा बेत

वेटसूट घालून बीसीडीचे माप पाहतात. पूर्ण फुगवल्यावर श्वास कोंडू नये आणि खांदे धरून उचलल्यास ते कानांपर्यंत सरकू नये. झडपांच्या दोऱ्या न पाहता हाताला लागाव्यात आणि वजनांचे कप्पे एका ओढीत सुटावेत.

महाराष्ट्रातील वापर व प्रवास

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व तारकर्ली येथे चालते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्ली येथे आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे डायव्हिंग बंद असते. पर्यटकांच्या पहिल्या अनुभव-डाइव्हमध्ये प्रशिक्षकच पाहुण्याचे बीसीडी हाताळतो; त्यासाठी स्वतःचे उपकरण घेण्याची आवश्यकता नसते. मालवण सागरी अभयारण्य इ.स. १९८७ मध्ये घोषित झाले. येथील प्रवाळांना टेकणारे पाय व घासणारे पंख इजा करतात. त्यामुळे प्लावकतेवरील ताबा हा सुरक्षेइतकाच संवर्धनाचाही प्रश्न आहे.

भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावातून अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यास विमानातील सामानाची मर्यादा जाणवते. देशांतर्गत प्रवासात ती अनेकदा १५ किलोग्रॅम असते. साधारण जॅकेट ३.५ ते ४.५ किलोग्रॅमचे, तर प्रवासी बीसीडी २ ते ३ किलोग्रॅमचे असते. शिसे व सिलिंडर केंद्रावर मिळतात. वर्षातून एक-दोनदाच पाण्यात उतरणाऱ्यास भाड्याचे, पण तपासून घेतलेले बीसीडी पुरेसे ठरते.

तपासणी व देखभाल

पाण्यात उतरण्यापूर्वी बीसीडी पूर्ण फुगवून हवा गळते का हे पाहतात व प्रत्येक झडप वापरून बघतात. मीठ किंवा वाळू साचल्याने इन्फ्लेटरचे बटण अडकल्यास हवा आपोआप भरत राहते. अशा वेळी नळी तत्काळ सोडवून पिशवीतील हवा काढावी लागते. वापरानंतर बीसीडी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन, किंचित फुगवून सावलीत वाळवतात.

हेही पहा

आर्किमिडीजचे तत्त्व
बॉईलचा नियम
मालवण सागरी अभयारण्य
तारकर्ली