तळटीप १७ : ‘हाय-रिस्कची यादी’

१७. हाय-रिस्कची यादी : २०२० साली मुंबई महापालिकेचे आरोग्यसेवक प्रत्येक कोरोनाबाधितामागे करीत ती निकटसंपर्कितांची यादी. एकाच घरात राहणारे आणि मास्कविना रुग्णाच्या १ मीटरच्या आत आलेले ते ‘हाय-रिस्क’, बाकीचे ‘लो-रिस्क’. पहिल्या गटाला १४ दिवस विलगीकरण. लक्षणे नसली तरी ५व्या ते १४व्या दिवसादरम्यान त्यांची चाचणी करावी, असा आयसीएमआरचा एप्रिलमधला निकष होता. धारावीत (जी/उत्तर विभाग) पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला आणि तिथे मीटरची ही मोजणी कागदावरच राहिली. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत पुढे-मागे कोण उभे होते, हे रुग्णाला आठवणार कसे? आठवले तरी, नाव घेतले की शेजाऱ्याची रवानगी विलगीकरण केंद्रात. लेखिकेच्या प्रश्नांना ‘कुणाला भेटलोच नाही’ हे उत्तर वारंवार मिळते ते यामुळे. म्हणून पालिकेने यादीवर विसंबून न राहता घरोघर तपासणी आणि ताप-शिबिरे सुरू केली. लागण कुणाकडून झाली याचा धागाच न सापडणे म्हणजे पुढे येणारा ‘सामूहिक संसर्ग’. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२० मध्ये, तोही काही जिल्ह्यांपुरता, मान्य केला. मुंबईच्या ३ विभागांतील (त्यांत धारावी नव्हती) झोपडपट्ट्यांत जुलैमध्येच रक्ततपासणीत सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती.