परळचें लुप्त उद्यान

ज्युबिलीच्या या अंकांत धारूरच्या वाचकांपुढें मुंबईच्या परळची हकीकत कां मांडावी, असा प्रश्न कोणी करील. आपल्या गांवचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान यानें सोळाव्या शतकांत उभारिला. पुढें तो निजामशाहींत गेला, त्यानंतर मोंगलांच्या हातीं पडला. धनी बदलला म्हणजे वास्तूची काय गति होते, हें येथील तटबुरूज पाहणारास निराळें सांगावयास नको. परंतु परळास जें पालटलें तें देवाचें घर होतें. म्हणून ती गोष्ट आम्हांस अधिक जिव्हारीं लागते.

पोर्तुगीज अमलांत परळ येथें येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होतें. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली व १६६८ सालीं कंपनीकडे आली. १६८९–९० सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूबानें मुंबईवर स्वारी केली, तेव्हां त्यास येशूसंघीयांनीं साहाय्य केलें असा आळ ठेवून कंपनीनें त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळची वास्तु गव्हर्नर बून याच्या कारकीर्दींत, १७१९ च्या सुमारास, सरकारजमा झाली. लगेच १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांसही मुंबई सोडावी लागली आणि तेथील ख्रिस्तसभेचा कारभार कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हातीं गेला. आळ खरा कीं खोटा, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. मात्र ज्यानें न्याय दिला त्यालाच जमीन मिळाली, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

गव्हर्नर हॉर्नबी १७७१ सालीं तेथें राहावयास गेला आणि मठाचा गांवाबाहेरील राजवाडा झाला. एल्फिन्स्टन साहेबांनीं (गव्हर्नर, १८१९–२७) इमारत वाढविली. भोंवतीं उद्यान, वृक्षराजी व तळें. आणि आंत जेथें पवित्र मिस्साबलिदान अर्पण होई तेथें मेजवान्या! हें आम्ही रागानें लिहीत नाहीं. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर १८२५ सालीं तेथें पाहुणे होते, आणि आपण जेवतों ती जागा येशूसंघीयांचें मंदिर होती, हें त्यांनींच नमूद करून ठेविलें आहे. १८७५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स, जे पुढें सातवे एडवर्ड झाले, यांचाही मुक्काम येथेंच होता.

पण आमच्या हातीं राहतें तर तें टिकतेंच, असें तरी कसें म्हणावें? १७५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें येशूसंघास आपल्या राज्यांतून घालविलें, आणि १७७३ सालीं तर खुद्द पोप चौदावे क्लेमेंट यांनीं तो संघच विसर्जित केला. १८१४ पर्यंत तो पुन्हां उभा राहिला नाहीं.

राजवाड्याचें वैभवही सरलें. भोंवतीं गिरण्या उठल्या, धूर व दलदल यांनीं हवा बिघडली. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें तेथेंच मरण पावल्या. त्यानंतर गव्हर्नरांनीं आपलें बिऱ्हाड मलबार पॉइंटास हलविलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. ओडेसा येथें जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन यांनीं प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या या रिकाम्या राजवाड्यांत आली. १९२५ पासून संस्थेस त्यांचेंच नांव आहे.

राजवाड्याची इमारत अद्याप उभी आहे; उद्यानाचें तें जुनें रूप मात्र गेलें. गव्हर्नरांच्या मडमा जेथें सायंकाळीं फिरत, त्याच आवारांत पुढें विषारी साप पाळून त्यांचें विष काढण्यांत येऊं लागलें. तें विष घोड्यांस अल्प प्रमाणांत टोंचतात, व त्यांच्या रक्तांतून प्रतिविष तयार करितात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवरही तें चालतें. काळोखांत कोयता घेऊन उसाच्या फडांत उतरणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यांतील माणसांस या चौघांचीं नांवें शिकवावीं लागत नाहींत.