सिरियल पोर्टपासून आयपी पत्त्यापर्यंत

दूरसंचार उपकरणाशी संगणक जोडायला सुरुवातीला पत्ता लागतच नसे. 1965 च्या मे महिन्यात अमेरिकेत न्यू जर्सीतील सकासुना येथे बेल कंपनीचे 1ईएसएस हे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्याच्या देखभालीचा टेलिप्रिंटर थेट तारेने जोडलेला होता. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला यंत्र. तिसरे कोणीच नसल्याने संदेश कोणासाठी आहे हे सांगण्याची गरज नव्हती. पुढे आरएस-232 मानकाचा सिरियल पोर्ट रुळला, तेव्हाही तेच चालू राहिले. दोन्हीकडे वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट सारखे ठेवले की काम होई. वेग चुकला तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटत, आणि चूक कुठे आहे हे तिथल्या तिथे कळे. ही सोय पुढच्या काळात हरवली.

पत्त्याची गरज निर्माण झाली ती एकाच जाळ्यावर अनेक यंत्रे आल्यावर. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर आधी आठ बिटांचा पत्ता होता. सप्टेंबर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 791 या आयपीच्या (इंटरनेट प्रोटोकॉलच्या) मानकाने तो 32 बिटांचा केला, म्हणजे सुमारे 429 कोटी पत्ते. 1 जानेवारी 1983 रोजी आर्पानेट या पद्धतीवर गेले. कोणता गट कोणाला द्यायचा याची नोंद कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल ठेवत. त्या काळी संस्थांना सढळ हाताने मोठे गट मिळत. भारतात मुंबईच्या एनसीएसटीसह आयआयटी आणि इतर संस्थांना जोडणाऱ्या एर्नेटला 144.16 ने सुरू होणारा, 65,536 पत्त्यांचा गट मिळाला.

दूरसंचार कंपन्यांचा मात्र आयपीवर बराच काळ विश्वास नव्हता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एसडीएच उपकरणे आली. त्यांच्या व्यवस्थापनाचे मार्ग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ओएसआय या प्रतिस्पर्धी घराण्यावर बेतले. प्रत्येक मल्टिप्लेक्सरला एनएसएपी पत्ता द्यावा लागे. त्याची लांबी 20 बाइटपर्यंत, म्हणजे चाळीस षोडशमान अंक. हे अंक हाताने टाइप करणे हा छळच होता. एक अंक चुकला तर उपकरण व्यवस्थापन केंद्राच्या नकाशावर दिसतच नसे. कागदावर ही योजना आयपीहून व्यवस्थित होती, पण बाजारातल्या प्रत्येक संगणकात आयपी आयते मिळत होते आणि ओएसआयचे सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागे. शेवटी स्वस्त आणि हाताशी असलेले जिंकले. 2001 मधील जी.7712 शिफारशीने या मार्गांवर आयपीलाही अधिकृत जागा दिली.

मधल्या काळात पत्त्यांची टंचाई जाणवू लागली होती. मार्च 1994 मध्ये काही गट खाजगी वापरासाठी मोकळे ठेवण्याची सूचना आली. त्यांतला 10 ने सुरू होणारा गट मूळ आर्पानेटचाच. ते जाळे 1990 मध्ये बंद झाल्याने रिकामा पडलेला. या सूचनेला त्याच वर्षी जाहीर विरोध झाला: प्रत्येकाने हवे ते पत्ते वापरले तर पुढे दोन जाळी जोडताना पत्ते एकमेकांवर आदळतील. विरोधकांपैकी एलियट लिअर यांचे नाव 1996 च्या आरएफसी 1918 वर, म्हणजे याच तरतुदीच्या पक्क्या रूपावर, लेखकांमध्ये दिसते. आक्षेप खरा होता, पण टंचाई त्याहून खरी होती.

या तरतुदीने उपकरण उत्पादकांची सोय झाली. आता देखभालीच्या ईथरनेट पोर्टला कारखान्यातच 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता देता येई. तो कोणाकडे मागावा लागत नसे. साइटवरच्या अभियंत्याने आपल्या लॅपटॉपला त्याच गटातला दुसरा पत्ता द्यायचा, केबल लावायची आणि पिंग करून पाहायचे.

यात हमखास चुकतो तो मास्क. समजा, उपकरणाचा पत्ता 10.0.0.17 आणि मास्क 255.255.255.240 आहे. हा मास्क 16 पत्त्यांचा तुकडा पाडतो: 16 ते 31. त्यातला पहिला तुकड्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांना हाक मारण्याचा. वापरायला 17 ते 30 उरतात. अभियंत्याने घाईत लॅपटॉपला 10.0.0.35 देऊन मास्क 255.255.255.0 ठेवला, तर लॅपटॉपला उपकरण शेजारीच वाटते आणि तो थेट संदेश पाठवतो. उपकरणाच्या हिशेबात मात्र 35 परक्या तुकड्यातला, म्हणून ते उत्तर गेटवेकडे, म्हणजे बाहेरच्या तुकड्यांकडे नेणाऱ्या यंत्राकडे, पाठवू पाहते. गेटवे त्या केबलवर नसतोच. केबल ठीक, दिवे हिरवे, उत्तर नाही. सिरियल पोर्टवर चुकीचा वेग निदान काहीतरी उमटवत असे. इथे चुकीचा मास्क गप्प बसतो.

कार्यालयांनी हा त्रास डीएचसीपीने मिटवला. ऑक्टोबर 1993 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत सर्व्हर स्वतःच पत्ता, मास्क आणि गेटवे देतो. एक्स्चेंज आणि ट्रान्समिशनच्या खोल्यांत मात्र हाताने दिलेला स्थिर पत्ताच टिकला. हे मागासलेपण नव्हते. जाळे कोसळलेले असते तेव्हाच देखभालीच्या पोर्टची सर्वाधिक गरज पडते. त्या क्षणी पत्ता वाटणारा सर्व्हरही आवाक्याबाहेर असू शकतो. सर्व्हर सापडला नाही तर विंडोज 98 पासूनचे संगणक स्वतःच 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेतात, आणि ही रीत मे 2005 मध्ये आरएफसी 3927 म्हणून मानक झाली. अभियंत्यांच्या लेखी त्या आकड्यांचा अर्थ एवढाच, की पत्ता हाताने द्यायचा राहिला आहे. आयपीव्ही6 मध्ये प्रत्येक पोर्ट fe80 ने सुरू होणारा स्थानिक पत्ता आपणहून तयार करतो आणि तो कायम ठेवतो. त्यामुळे एका केबलवरची दोन यंत्रे कोणाच्या मदतीविना बोलू शकतात. पण तो पत्ता लांबलचक असल्याने उपकरणाच्या झाकणावरच्या लेबलवर बहुधा जुना चार आकड्यांचा पत्ताच छापलेला असतो.