जंतू औषधाला दाद देईनात तेव्हा

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत गळू झालं की काय यातना होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९५० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या बाळंतिणींच्या वॉर्डांत हेच चाललं होतं. बाळाच्या अंगावर पुवाचे फोड, आईच्या छातीत गळू, आणि पेनिसिलिन देऊनही उतार नाही. हे कसं झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पेनिसिलिन सापडलं १९२८ साली लंडनमध्ये, एका बशीतल्या बुरशीत. पण त्याचं औषध केलं ऑक्सफर्डच्या लोकांनी, तेही युद्ध चालू असताना. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात, म्हणून आधी दवाखान्यातली बेडपॅन वापरली. मग तशाच घाटाची शेकडो भांडी मुद्दाम करून घेतली. विरजण लावावं तशी त्यांत बुरशी लावायची आणि ती धरली की खालचं पाणी ओढून घ्यायचं, हे काम सहा तरुण मुली करत. १९४१च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचलं. तो सुधारू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्याच लघवीतून काढून पुन्हा त्याला द्यायचे. तरी ते संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला.

पुढे कारखान्यांतून औषध भरपूर येऊ लागलं आणि सढळ हातानं वापरलंही गेलं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर या डॉक्टरबाई पू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू तपासत होत्या. १९४६ साली शंभरातले १४ जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ साली ५९! पेनिसिलिनच्या पोटात अणूंचा एक चौकोन असतो. हे जंतू एक रस सोडून तो चौकोनच मोडत होते. पेनिसिलिनची नेमकी घडण १९४५ साली शोधून काढली होती डोरोथी हॉजकिन यांनी. हीही बाईच, बरं का.

मग बीचम कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९५७ साली पेनिसिलिनचा नुसता गाभा वेगळा काढला. (ही कंपनी एके काळी पोट साफ करायच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध होती!) गाभा हाती आला, आता त्याला हवी ती शेपटी जोडता येईल. शेपट्या बदलत बदलत मेथिसिलिन तयार झालं. त्याची शेपटी चांगलीच जाड. डोक्यावर कडब्याचा मोठा भारा घेतला की बाई दारात अडकते ना, तसं हे औषध जंतूच्या रसाच्या कचाट्यात शिरेना, म्हणून मोडेना. १९६०च्या सुमारास ते रुग्णांना मिळू लागलं.

त्याच सुमारास बार्बरबाईंनी दुसरी वाट धरली होती. हॅमरस्मिथमध्ये त्यांनी पेनिसिलिनचा वापर आवळला आणि बाकीची औषधं एकेकटी न देता जोडीनं द्यायला लावली. दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण खाली आलं. नवं रसायन शोधण्याइतकंच हे मोठं काम, असं आम्हाला वाटतं. त्याचा बोलबाला मात्र कमीच झाला.

मेथिसिलिनचं काय झालं? पॅट्रिशिया जेव्हन्स या लंडनच्या प्रयोगशाळेत जंतूंचे नमुने तपासत. पाच हजारांहून जास्त नमुन्यांत त्यांना तीन असे सापडले, ज्यांच्यावर मेथिसिलिनही चालेना. १९६१च्या सुरुवातीलाच त्यांनी ते छापून कळवलं. औषध येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. या जंतूंची युक्तीही निराळी. पेनिसिलिन काय किंवा मेथिसिलिन काय, जंतूचं कवच बांधणाऱ्या हत्याराला चिकटून त्याला मारतं. या जंतूंनी हत्यारच दुसरं आणलं, ज्याला औषध चिकटतच नाही.

आज मेथिसिलिन रुग्णाला देत नाहीत. नाव तेवढं उरलंय. ऑपरेशनच्या जखमेचा, टाक्यांचा पू तपासायला पाठवला की कधी कधी कागदावर ‘एमआरएसए’ असं लिहून येतं. त्यातला ‘एम’ तो मेथिसिलिनचा.