महिंद्रा, मोहम्मद आणि माझी जीप

"सर, गाडी कुठल्या सालाची करायची?"

उस्तादांनी हे विचारलं तेव्हा मला प्रश्नच कळला नाही. आरसी बुकात उत्पादनाचं साल 1964 लिहिलेलं आहे, मग यात विचारायचं काय? मी तसं म्हटल्यावर ते हसले आणि हातातला पॉलिश पेपर पुन्हा पत्र्यावर घासायला लागले. वरचा पांढरा रंग गेला, त्याखाली निळा निघाला. निळ्याखाली लाल. लाल गेल्यावर लष्करी हिरवा दिसला आणि त्या हिरव्यावर, चालकाच्या सीटमागे, वर टोक केलेला एक पुसट बाण. आपल्या सैन्याच्या गाड्यांच्या नंबरात असतो तो.

"आता बोला," ते म्हणाले. "फौजेतली करू, पुढाऱ्याची करू, की वडापची?"

ही जीप मला तासगावकडच्या एका द्राक्षबागेत मिळाली. पत्र्याच्या शेडमध्ये, औषधाच्या पिंपांशेजारी ती उभी होती. जुनी जीप घेणाऱ्याने रंगाकडे बघू नये, खाली वाकून बघावं, एवढं मला ठाऊक होतं. चासी नंबर कागदाशी जुळतो का, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चासीला तडा आहे का, एक्सलच्या तेलात पाणी शिरून ते दुधासारखं झालंय का, हे आधी तपासायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट जागेवर आहे का. डिझेल वाचवायला अनेकांनी तो काढून भंगारात घातला. तो नसेल तर जीप नुसती दिसायला जीप. माझ्या गाडीचा शाफ्ट जागेवर होता. गंजलेला होता, पण होता. मालकांनी हिशेब केला, चहा पाजला आणि म्हणाले, "लग्नं केलीत हिनं, मयतीला पण गेलीय. नीट वागवा."

ज्या गाडीला आपण जीप म्हणतो, तिला अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री 'ट्रक' म्हणत. पाव टनाचा, चारही चाकांवर चालणारा ट्रक. 1940 च्या उन्हाळ्यात, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, अमेरिकन सैन्याने मोटार कंपन्यांकडे अशा गाडीचा नमुना मागितला आणि त्यासाठी मुदत दिली अवघी 49 दिवसांची. ती पाळली बँटम नावाच्या एका लहान, कर्जात बुडालेल्या कंपनीने. 23 सप्टेंबर 1940 रोजी तिने गाडी हजर केली. पण एवढी लहान कंपनी लाखांनी गाड्या काय बनवणार, असं म्हणून सैन्याने तिचे आराखडे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांपुढे ठेवले. मोठं काम विलिसला मिळालं आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. जग विलिसचं नाव घेऊ लागलं, बँटमला लोक विसरले. जीपच्या इतिहासात पाटीवरून नाव गळण्याची ही पहिली वेळ.

दुसरी वेळ मुंबईत आली.

1945 मध्ये तीन माणसांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची एक कंपनी काढली. जगदीशचंद्र महिंद्रा, त्यांचे भाऊ कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद. कंपनीचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत विक्रीचं काम बघून आलेले. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेतल्या भारतीय पुरवठा शिष्टमंडळाचे प्रमुख होते आणि तिथेच जीपशी त्यांची ओळख झाली. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातून वर आलेले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं अर्थखातंही त्यांनी सांभाळलं होतं. म्हणजे आपल्या मराठवाड्याचा महसूलही त्यांच्या वहीतून गेलेला.

1947 ला फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सांगतात, 'एम अँड एम' छापलेले कागद आधीच पडून होते, म्हणून दुसऱ्या 'एम'च्या जागी 'एम'च शोधला गेला. 1949 मध्ये माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. समुद्रमार्गे पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. तोपर्यंत मोहम्मद पाटीवरून गेले होते. तेव्हा माझ्या 1964 च्या गाडीवर ते नाव सापडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी खरं सांगतो, डॅशबोर्डवरची पाटी रॉकेलच्या बोळ्याने पुसताना मी दुसऱ्या 'एम'शी जरा जास्त वेळ थांबलो.

हा किस्सा आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका तऱ्हेत शेवटी डोळे मिचकावून म्हणतात, "बघा, भागीदारी केली आणि पळाला." दुसरी तऱ्हा आपल्या घरांतली. तिच्यात उसासा असतो, "बघा, आपलं नाव कसं पुसलं." मला दोन्ही पटत नाहीत. गुलाम मोहम्मद यांना कुणी हाकललं नाही आणि त्यांचं नाव कुणी चोरलंही नाही. त्यांनी एक देश निवडला, पद निवडलं. भागीदार गेला की पाटी बदलते, हा व्यापाराचा साधा नियम आहे.

आणि पुढे त्यांनी जे केलं ते अभिमानाने मिरवण्यासारखं नाही. 1951 मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. 1953 मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना बरखास्त केलं. ऑक्टोबर 1954 मध्ये तर संविधान सभाच मोडली. तिथल्या लोकशाहीला पहिल्या दशकातच जो धक्का बसला, त्यात या हिशेबनिसाचा हात मोठा. तरी इतिहास इतका सरळ नसतो. 26 जानेवारी 1955 रोजी दिल्लीच्या राजपथावर प्रजासत्ताक दिनाचं संचलन झालं, तेव्हा भारताचे प्रमुख पाहुणे हेच मलिक गुलाम मोहम्मद होते. पुढच्या वर्षी ते वारले.

जे गेले त्यांना इतिहासात निदान एक ओळ मिळाली. जे राहिले त्यांचं काय, हा प्रश्न मला गॅरेजात बसल्या बसल्या पडला.

कुठल्याही गावात गाड्यांच्या कामाच्या गल्लीत जा. मेकॅनिक, डेंटर, पेंटर, रेडिएटरवाला, पाटेवाला, सीटचं कुशन शिवणारा. पाट्यांवरची नावं वाचा, नाहीतर पाटीच नसेल तर हाका ऐका. शाळा अर्धवट सोडून, आठव्या-दहाव्या वर्षी पाने पुसायला बसलेली आपली पोरं इथेच उस्ताद झाली. या शिक्षणाचं प्रमाणपत्र नसतं. अमुक उस्तादांचा शागीर्द, एवढीच पदवी. पोरांची शाळा सुटली याचा मला अभिमान नाही, दुःखच आहे. पण त्या हातांना जे येतं त्याची कुठे नोंद नाही, हे दुसरं दुःख.

आमच्या जीपचं काम सात महिने चाललं. ब्रेकचे ड्रम जाम झाले होते, व्हील सिलिंडर नवे घातले. पाटे सोडवून त्यांचे बुश बदलले. खालचा पत्रा सडला होता, तो कापून नवा जोडला. ट्रान्सफर केस उघडली तेव्हा उस्तादांनी मला जवळ बोलावून दाखवलं. गिअरबॉक्समधून आलेली ताकद इथे दोन वाटांनी जाते, एक मागच्या एक्सलला, दुसरी पुढच्या. एक दांडा ओढला की पुढची चाकं कामाला लागतात. दुसरा दांडा 'लो'ला टाकला की वेग साधारण अडीच पटीने उतरतो आणि ओढ तेवढीच चढते. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर हे करायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाडीत तो फरक सोसणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो, डांबरावर तो दातांवर येतो. "दोघांना बांधलं तर जमीन नरम पाहिजे," उस्ताद म्हणाले. ते फक्त गाडीबद्दल बोलत होते.

माझी हौस होती गाडी 'ओरिजिनल' करायची. या मॉडेलला मुळात हरिकेन नावाचं 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन असे. ते उंच असल्यामुळेच या जीपचं बॉनेट जुन्या जीपपेक्षा वर चढलेलं दिसतं. माझ्या गाडीत मात्र कुणीतरी मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. आरसीवर तशी नोंदही होती. त्यामुळे उस्तादांना दोन पेट्या उघड्या ठेवाव्या लागत, चासीला इंची पाने आणि इंजिनाला मिलिमीटरचे. मी म्हणालो, हे डिझेल काढू आणि हरिकेन शोधू. माझ्यापाशी कारणही होतं. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, मोठे बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं. रोज फिरवता येत नाही, पण मान मिळतो.

इंजिन खाली उतरवलं त्या दिवशी उस्ताद गाडीखालून लवकर बाहेर येईनात. मग हाक आली, "सर, इकडे या." मी आडवा झालो. इंजिन ज्यावर बसतं त्या ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, ग्रीसखाली, पंचाने ठोकलेले तीन आकडे होते. 786.

"आमच्या उस्तादांचं काम आहे," ते म्हणाले. "स्वतः बनवलेल्या प्रत्येक ब्रॅकेटवर ते हे मारायचे. ही प्लेट बघा, लेथवर एकट्याने काढलेली. विलिसचा गिअरबॉक्स आणि मॅटाडोरचं इंजिन, मापाचा कागद नव्हता का काही नव्हतं. पेट्रोल परवडेना म्हणून शेतकरी आले, त्यांनी उपाय काढला. मरहूम होऊन बारा वर्षं झाली. बघा, वेल्डिंग अजून सुटलं नाही."

थोडा वेळ आम्ही दोघंही तसेच पडून होतो. मग त्यांनी विचारलं, "काढायचं का?"

माझ्या मनात तेव्हा आणखी एक जीप होती. सप्टेंबर 1965, खेमकरण, असल उत्तर. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या शिंप्याचा मुलगा. उघड्या जीपवर बसवलेली 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन ते उसाच्या शेतांतून पॅटन रणगाड्यांसमोर गेले. तोफ डागली की धूर दिसतो आणि जागा कळते, म्हणून प्रत्येक माऱ्यानंतर जीप हलवावी लागते. त्यांनी रणगाडे उडवले आणि 10 सप्टेंबरला ते शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. 2000 साली निघालेल्या टपाल तिकिटावर त्यांच्यासोबत ती जीपही आहे.

आपल्या निष्ठेवर कुणी बोट ठेवलं की आपण हमीदांचं नाव पुढे करतो. मीही केलंय. पण त्या ब्रॅकेटखाली पडल्यावर वाटलं, प्रत्येक वेळी हुतात्मा का दाखवावा लागावा? ज्याने चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या तो माणूस इथलाच होता, याला वेगळा पुरावा कशाला हवा? त्याने वेल्ड केलेलं लोखंड अजून ओझं पेलतंय.

डिझेल इंजिन काढलं नाही. रिंगा बदलल्या, नोझल साफ केली आणि त्याच ब्रॅकेटवर परत बसवलं. 'व्हीए' नंबर गेला. पाच वर्षांनी पुन्हा नोंदणीच्या रांगेत उभं राहायचं, पर्यावरण कर भरायचा. जमेल.

रंगाचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. लष्करी हिरवा रंग सैन्याव्यतिरिक्त कुणाच्या गाडीला देता येत नाही. म्हणून बाहेरून निळा दिला, वडापच्या दिवसांतला. सीटमागचा तळहाताएवढा तुकडा मात्र पेंटरला झाकायला सांगितला. तिथे तो बाण आहे, वर नुसतं वॉर्निश.

गाडी सुरू झाली तेव्हा पहिली फेरी मी एकट्याने मारली नाही. उस्तादांना शेजारी बसवलं आणि कबरस्तानाकडे वळलो. फाटकापाशी इंजिन बंद करायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "राहू द्या चालू. ऐकू दे त्यांना."